मेबलला घेऊन रोमपर्यंत

आमच्या एडिसनच्या मराठी मंडळात मी सांगितलं, "नुकतीच रोमला जाऊन आले," तर सगळ्यांनी एकच विचारलं, "कुठल्या टूरबरोबर?" कुठल्याही नाही. आणि हे रोम इटलीतलं नव्हे, न्यूयॉर्क राज्यातलं. तिथे बघण्यासारखं काय आहे, असं विचाराल तर माझी बोट आहे.

हे ऐकून काहींनी माझ्याकडे असं पाहिलं की यांना आता कुणीतरी सांभाळायला हवं. तसं बघणारा पहिला माणूस माझ्या पोटचाच होता, म्हणून सुरुवात त्याच्यापासून करते.

गेल्या वर्षी ओक ट्री रोडवरच्या किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी मागे घेताना मी ट्रॉल्या ठेवायच्या कठड्याला घासली. कठड्याला काही झालं नाही. गाडीचा एक दिवा फुटला. शेजारणीनं कळवलं आणि समीर, माझा मुलगा, क्युपर्टिनोहून चार दिवसांसाठी आला. दिवा बदलला, नळ दुरुस्त केला, फ्रीज पुसला आणि जाताना गाडीची किल्ली बॅगेत टाकून घेऊन गेला. "आई, ॲप आहे ना. एक बटण दाबायचं, टॅक्सी दारात. उगाच रिस्क कशाला?"

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी केली. पहाटे, बर्फात, ट्रकांच्या रांगेतून गाडी काढत सगळी हयात गेली. डोळ्यांच्या डॉक्टरनं मला गाडी चालवायला मना केलेलं नाही, मोटार खात्यानंही नाही. मना केलं ते समीरनं. इथे राहणाऱ्यांना माहीत आहे, अमेरिकेत गाडी नसलेला माणूस म्हणजे दुसऱ्याच्या सवडीनं दूध आणणारा माणूस. गाडी गॅरेजमध्ये कापड पांघरून उभी आणि किल्ली तीन हजार मैलांवर. पुढची पायरी मला दिसतच होती. क्युपर्टिनोच्या घरात खालची खोली, बाथरूमला धरायचे दांडे, आणि माझं घर विकायला.

मग मी बोट घेतली.

इरी कालव्यावर भाड्यानं फिरायला देतात तसल्या लोखंडी बोटी असतात. लांबट, अरुंद, आत स्वयंपाकघर, दोन बिछाने, न्हाणीघर. वेग माणसाच्या चालण्याहून थोडासा जास्त. त्यातली एक जुनी झाली म्हणून विकायला काढलेली मला इंटरनेटवर दिसली. राज्याचा बोट चालवायचा कोर्स असतो, तो मी केला. परीक्षा पास झाले. ते सर्टिफिकेट मी फ्रेम करून समीरला व्हिडिओ कॉलवर दाखवलं.

त्यानं ते दोनदा वाचलं. मग म्हणाला, "ओके. डील करू या. बोट आहे तिथून तुझ्या त्या रोमच्या धक्क्यावर नेऊन दाखव. मी परत क्युपर्टिनोचं नाव काढणार नाही."

"आणि नाही नेता आली तर?"

"तर घर विकायला लिस्ट करायचं. आई, प्लीज."

मी हो म्हटलं. घोडामैदान जवळच होतं.

रोम का, तेही सांगते. तिथलं रेल्वे स्टेशन कालव्याला लागून आहे. एडिसनहून ट्रेननं न्यूयॉर्क, तिथून दुसऱ्या ट्रेननं रोम, आणि स्टेशनातून चालत माझ्या बोटीवर. या सगळ्यात गाडी कुठेही नाही.

ऑल्बियन

माझ्याबरोबर माझी नणंद कुमुद होती. नागपूरची, शाळेतून निवृत्त, सहा महिन्यांच्या व्हिसावर मला भेटायला आलेली. मिस्टर गेल्यावर आम्हा दोघींचं नातं खरं सुधारलं, कारण मध्ये बोलायला कुणी उरलं नाही. तिला पोहता येत नाही. अंबाझरीच्या तलावाकडेसुद्धा ती लांबूनच बघते. तरी म्हणाली, "तू बुडून राहिली तं मी पाहायला नको का, वहिनी?"

बोट होती त्या ऑल्बियनला ऑक्टोबरच्या सुरुवातीला पोचलो. सगळीकडे सफरचंदांच्या बागा, रस्त्याकडेला फळ्यांवर मांडलेली सफरचंदं आणि शेजारी पैशांचा डबा. राखायला माणूस नाही. कुमुद त्या डब्याकडे बराच वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "आमच्याकडे डबाच आधी गेला असता." लगेच सुट्टे काढून टाकले मात्र तिनेच.

बोटीचे मालक वॉल्ट म्हणून होते. ऐंशीच्या घरातले, उंच, कानांत यंत्रं. बोट हिरवी, कडा लाल, आणि पुढच्या बाजूला पिवळ्या अक्षरांत नाव, मेबल. कुमुदला ते आवडेना. गोदा ठेव, कावेरी ठेव, काहीतरी आपलं ठेव. वॉल्टनी हात वर केले. बोटीचं नाव बदललं तर अपशकुन होतो म्हणाले, इकडचे सगळे बोटवाले मानतात.

मी शकुन-अपशकुन मानत नाही. पण माझं स्वतःचं नाव लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहून बदललं गेलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं. त्या ताटापुढची मुलगी मला अजून आठवते आणि अजून राग येतो. म्हटलं, मेबल ती मेबलच राहील. कुमुदनं नाक मुरडलं, पण तेव्हापासून ती तिला मेबलबाई म्हणायला लागली, आणि मेबलबाईंची रीतसर ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. वॉल्ट टोपी काढून उभे राहिले. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की नारळ पुढे घरंगळणार तर नाही ना.

त्यांनी मला दोन दिवस शिकवलं. बोट मागून सुकाणूच्या दांड्यानं वळवायची. डावीकडे जायचं तर दांडा उजवीकडे ढकलायचा. मला ते पटकन जमलं. सासरी सगळी वर्षं मी तसंच चालवलं होतं, जे हवं त्याच्या उलट बोलायचं. हे मी कुमुदच्या देखत बोलले आणि तिनं हसून मान डोलावली, म्हणजे तिला तेव्हाही ठाऊक होतं.

"घाई करू नका," वॉल्ट म्हणाले. "पण रेंगाळूही नका. महिन्याच्या मध्याला कालवा बंद होतो. इकडचं पाणी काढून टाकतात. त्यात अडकलात तर वसंतापर्यंत चिखलात." आणि शेवटी म्हणाले, "ओनायडा सरोवरावर वारा असेल तर जाऊ नका. ही कालव्याची बोट आहे. तिचं पोट सपाट आहे." इंजिनाची किल्ली त्यांनी माझ्या हातात ठेवली. तिला लिंबाएवढा बुचाचा गोळा लावलेला होता.

आम्ही निघालो. वॉल्ट हात हलवत राहिले, जरा जास्तच जोरात. आम्हीही हलवला.

हॉली

कालव्याचं पाणी आजूबाजूच्या शेतांपेक्षा उंचावरून वाहतं. बोटीच्या खिडकीतून खाली बघितलं की गाईंच्या पाठी दिसतात आणि कोठारांची छपरं. कराडला कृष्णेच्या काठी मी वाढले, पण नदी नेहमी खाली आणि आपण घाटावर वर. इथे उलटं. कुमुद पुढे बसून वांगी चिरत होती, घडीची विळी तिनं एडिसनहून सोबत घेतलेली. मधूनमधून पूल लागत. बोटीसाठी अख्खा रस्ता वर उचलला जातो आणि गाड्या दोन्हीकडे थांबून राहतात. पहिल्या पुलाशी चांगल्या वीसेक गाड्या माझ्यासाठी थांबल्या. मला किती बरं वाटलं ते सांगायला लाजत नाही.

हॉलीला बोट बांधली. चला, जरा गाव बघू म्हटलं, आणि कुमुदनं विचारलं, "माझे जोडे कुठे गेले?"

माझेही नव्हते. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. ऑल्बियनला बोटीत चढताना आम्ही सवयीनं चपला-बूट धक्क्यावर काढले होते, नीट, जोडीनं, उंबऱ्याबाहेर काढावेत तसे. घर समजून आत शिरलो आणि घर घेऊन निघून आलो. तिथले चार जोड तसेच मांडलेले, कारण पावसाचे वेगळे आणि चालायचे वेगळे. वॉल्ट इतक्या जोरात हात का हलवत होते ते तेव्हा कळलं.

कुमुद हसता हसता खाली बसली. मला मात्र समीरचा चेहरा दिसायला लागला. पहिल्याच दिवशी आई अनवाणी.

तेवढ्यात काठावरच्या पायवाटेनं सायकलची घंटी वाजली. वॉल्ट. पुढच्या टोपलीत आमचे चारही जोड. सायकल आमच्या बोटीपेक्षा जोरात चालते म्हणून आम्ही पोचायच्या सुमाराला ते पोचले. "मला वाटलं हीही काही पूजा आहे," ते म्हणाले. "म्हणून आधी हात लावला नाही." त्यांना आम्ही वांग्याची भाजी-भाकरी खाऊ घातली. भाकरी हातानं खायची की काट्यानं, हे त्यांनी कुमुदकडे बघून ठरवलं. दुसरी भाकरी त्यांनी मागून घेतली आणि जाताना आमच्या दारात आतल्या बाजूला एक लाकडी खोकं ठेवून गेले. चपला इथे काढायच्या, बोटीत.

रॉचेस्टरच्या पुढे

इथे पहिली पाणकुलुपं लागतात. सिमेंटचा मोठा हौद असतो, बोट आत घ्यायची, मागचं दार बंद होतं आणि पाणी खाली खाली जातं, बोटीसकट आपण. भिंतीला वरून दोर सोडलेले असतात. ते हातात धरून बोट भिंतीशी ठेवायची आणि पाणी उतरेल तसं दोरावरून हात सरकवत यायचं. मी सुकाणूशी, कुमुद पुढे. तिला नीट सांगितलं होतं, दोर धर.

तिनं धरला. थोड्या वेळानं हात दुखले म्हणून बोटीच्या खुंटीला बांधून टाकला. गाठ अशी मारली की नागपूरच्या स्टेशनवर होल्डॉलची सुटली नसती.

पाणी उतरत राहिलं, आणि बोटीचं पुढचं टोक वरच राहिलं. आधी भांडी सरकली. मग कुकर. मग मी. कुमुद ओरडली, "वहिनी, मेबलबाई लटकून राहिली नं!"  वरचा माणूस भोंगा वाजवत पाण्याची झडप बंद करायला धावला. मी भिंतीला धरत पुढे गेले. दोर इतका ताणलेला की गाठीत नखही जाईना. बाजूला कुमुदची विळी खुंटीला अडली होती, अर्धवट चिरलेली वांगी सगळीकडे. पाट पोटाशी घट्ट धरला आणि पात्यावर दोर घासला. तो तुटला तेव्हा बोट धप्पकन खाली बसली आणि आम्ही दोघीही.

वरून त्या माणसानं विचारलं, "मॅम, सगळे ठीक?"

"ठीक," मी म्हटलं. "स्वयंपाक चालला होता."

 मी पदर नसताना पदर खोचल्यासारखं केलं. कुमुदला मी रागावले नाही, तिचा चेहराच पुरेसा पडला होता. पण पडलेल्या चेहऱ्यानंही तिनं भिंतीवर लोंबणाऱ्या अर्ध्या दोराचा फोटो काढला आणि आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "वहिनीनं विळीनं बोट वाचवली!!"

तासाभरात समीरचा फोन. "आई, व्हॉट इज धिस? अनबिलीव्हेबल!"

"फोटो आहे."

"तू एकटी राहतेस म्हणून मला रात्री झोप लागत नाही."

"मला लागते," मी म्हटलं आणि फोन ठेवला. नंतर वाईट वाटलं. पण परत फोन केला नाही.

पाल्मायरा

काठाची पायवाट इथे अगदी पाण्याला खेटून जाते. एका सकाळी एक बाई कुत्रा घेऊन चालत होत्या. मेबलचा वेग आणि त्यांचा वेग एकच, त्यामुळे आम्ही शेजारी शेजारी चाललो आणि बोलायला लागलो, त्या काठावर आणि मी पाण्यात. नाव बार्बरा. अशी ओळख मला फार आवडली. कुणी कुणाकडे बोलावलं नव्हतं, उठून जायची पंचाईत नव्हती.

त्यांनी विचारलं बोट का घेतली. मी म्हटलं, मुलानं किल्ली नेली.

कसली किल्ली, हे त्यांनी विचारलं नाही. "माझ्या मुलीनं," त्या म्हणाल्या. "नाताळच्या जेवणानंतर. सगळ्यांसमोर. मी मीठ देत होते."

 मला वाटत होतं की ही आपल्याच लोकांची गोष्ट, आपल्याकडे मुलं डोक्यावर बसतात, इकडचे म्हातारे स्वतंत्र. पळसाला पानं तीनच. पुढच्या पुलाशी त्या वळल्या. जाताना ओरडून म्हणाल्या, "सरोवर पार केलंत की माझ्या नावानं भोंगा वाजवा!"

मक्याची कणसं, सफरचंदाचं लोणचं, बदकं आणि रोज सकाळी पाण्यावरची वाफ, यांत पुढचे दिवस गेले. एका गावात कुणीतरी आमच्या फोडणीच्या वासानं येऊन उभं राहिलं आणि वाटीभर आमटी पिऊन गेलं. पाणकुलुपं एकामागून एक उतरलो. कुमुद आता दोर असा धरायची की वरची माणसं तिला शाबासकी देत. इंजिनाच्या आवाजात तिला झोपही यायला लागली. मी सुकाणूशी उभी राहून मोठमोठ्यानं गाणी म्हणत असे, एडिसनच्या घरात भिंतींना ऐकू जाईल म्हणून जी म्हणत नव्हते ती.

ब्रूअरटन

सरोवराच्या तोंडाशी हे गाव. इथे येऊन अडकलो. पश्चिमेचा वारा सुटला होता आणि सरोवरावर पांढऱ्या लाटा. वीस मैलांचं पाणी, पलीकडचा काठ दिसत नाही. वॉल्टचं ऐकलं, बोट बांधून ठेवली. एक दिवस, दुसरा दिवस. कालवा बंद व्हायची तारीख जवळ येत होती. वारा रोज पहाटे पडायचा आणि आम्ही चहा घेऊन निघायच्या तयारीत आलो की उठायचा. मी ठरवलं, उद्या चहा नाही.

त्या उद्याच्या सकाळी, उजाडताच, धक्क्यावर समीर उभा. हातात फोन, अंगात मीच दिलेलं जॅकेट. आदल्या संध्याकाळी विमानानं सिरॅक्यूजला उतरला होता आणि भाड्याच्या गाडीनं आला होता.

"आई, पुरे आता. मी ट्रक बुक केलाय. क्रेनसकट. बारा वाजता येईल. बोट लोड करू, तू आणि आत्या माझ्याबरोबर चला."

"रोमला?"

"आधी एडिसन. मग बघू."

हे 'मग बघू' मी ओळखते, कारण लहानपणी खेळण्याच्या दुकानासमोर मीच त्याला ते ऐकवायचे.

"डील काय होतं आपलं?"

"डीलमध्ये विळी नव्हती, आई! बी रीजनेबल. फोरकास्ट बघ, दुपारी ताशी पंचवीस मैलांचा वारा आहे. मी तिकडून रोज तुझं लोकेशन बघतोय. दोन दिवस तो डॉट हललेला नाही. तुला कळतंय का माझं काय होतं?"

उंटावरून शेळ्या हाकणारा माझा मुलगा. पण डोळे लाल होते, रात्रभर झोपला नसावा. आणि माझ्यावर ओरडतानाही त्यानं बोटीच्या कडेला पाय लागला म्हणून हात लावून नमस्कार केला होता. माझा राग तिथेच अर्धा झाला. अर्धा उरला, तो मला लागणार होता.

कुमुद दारातून म्हणाली, "भांडणं मागून करा. समीर, आधी आत ये, पोहे झाले."

आत्याचे पोहे म्हटल्यावर तो थांबला नाही. वाकून बुटांचे बंद सोडले, दोन्ही बूट धक्क्यावर नीट जोडीनं ठेवले आणि मोज्यांतच आत गेला. लाकडी खोकं त्याला ठाऊक नव्हतं.

मी त्या बुटांकडे पाहिलं. मग पाण्याकडे. पाणी तव्यासारखं सपाट होतं. वारा पडलेला.

विचार फार केला नाही. पुढचा दोर सोडला, मागचा सोडला, किल्ली फिरवली. धक्क्याचा मालक कॉफीचा कप घेऊन उभा होता. त्यानं बुटांकडे बोट दाखवलं. मी त्याला जोरात हात हलवला, वॉल्टसारखा.

आत समीर पोहे खात होता. इंजिन सुरू झालं तेव्हा त्याला वाटलं, आई गरम करतेय. खिडकीतून त्याचीच भाड्याची गाडी मागे मागे जायला लागली तेव्हा घास हातातच राहिला.

"आई! स्टॉप! आई, माझे शूज!"

"राहू देत. तिथले लोक चांगले आहेत."

सरोवर

पहिले दोन तास तो माझ्याकडे पाठ करून फोनवर होता. ट्रकवाल्याला फोन करून इंग्रजीत सांगितलं की बोट तिथे नाही. का नाही, हे काही त्याला सांगता येईना. कुमुदनं त्याला स्वतः विणलेले जांभळे लोकरी मोजे दिले. ते घालून तो पुढे बसला.

मध्यावर आलो आणि वारा उठला. सांगितलेल्या वेळेच्या आधीच. मागून लाटा यायला लागल्या आणि मेबलचं मागचं टोक उचलून बाजूला फेकायला लागल्या. वॉल्टनी सांगितलं होतं, लाटेला पाठ द्यायची, कूस द्यायची नाही. दांडा मी दोन्ही हातांनी धरला, मग छातीनं. भीती वाटत होती, खूप.  कुमुद आत बिछाना धरून रामरक्षा म्हणत होती आणि मध्येच ओकत होती. एकदा बोट इतकी कलली की ओटीचा नारळ खरंच घरंगळला, समीरच्या पायांवरून गेला.

तो उठून माझ्याकडे आला. मला वाटलं, आता दांडा हिसकावतो. तो म्हणाला, "मला काय करू सांग."

"पुढचा तरंगता बोया शोध. मला मागे लाट बघायचीय."

तो माझ्या शेजारी उभा राहिला. मोज्यांत, ओल्या लोखंडावर, एका हातानं कठडा धरून. "दिसला. थोडं डावीकडे. बस. आता सरळ." पुढे तासभर आम्ही एवढंच बोललो. इतक्या वर्षांत इतका वेळ एकाच विषयावर आम्ही भांडल्याशिवाय बोललो नव्हतो.

काठाची झाडं दिसली, लाल-पिवळी. मग कालव्याचं तोंड. आत शिरलो आणि पाणी एकदम गप्प झालं. मी बार्बरासाठी भोंगा वाजवला, लांबलचक. समीरनं विचारलं, कोणासाठी? म्हटलं, आहे एक, तिचीपण किल्ली नेलीय.

तो वाकून ओले मोजे पिळायला लागला.

रोम

शेवटची दोन पाणकुलुपं चढून वर जायची. "बांधू नको बरं," कुमुदनं समीरला मोठ्या जाणकारीनं सांगितलं. पुढे सरळ कालवा होता, दोन्हीकडे झाडी, समोरून कुणी नाही. समीर बराच वेळ माझ्या हाताकडे बघत होता.

"मी चालवू जरा?"

मी बाजूला झाले. डावीकडे जायचं तर उजवीकडे ढकलायचं, हे त्याला सांगितलं. तो इंजिनिअर आहे, त्यानं मान हलवली. पाच मिनिटांत मेबल काठावर जाऊन आदळली. पुढच्या फांद्या मोडल्या, आत कुकर पडला, कुमुद म्हणाली, "अगं बाप्पा!" आणि पुढचा लाल दिवा फुटला.

समीर पांढराफटक झाला. दांडा सोडून त्यानं माझ्याकडे हात केला, घे म्हणून.

मी घेतला नाही.

"मागे घे," मी म्हटलं. "सावकाश. आता दांडा उलट. झालं. चल पुढे."

"आई, दिवा..."

"दिवा बदलता येतो."

त्यानं पुढे बघितलं आणि चालवायला लागला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, लहानपणी व्हायच्या तशा. मी मुद्दाम आत जाऊन बसले आणि थंड पोहे खाल्ले. वर तो एकटाच होता. मला वाटत होतं तितकं सोपं नव्हतं ते, सारखे कान तिकडेच. एकदाही वर गेले नाही.

संध्याकाळी मेबल तिच्या धक्क्याला लागली. दोर मीच बांधले. पलीकडे स्टेशनाचा दिवा दिसत होता. समीर उतरला आणि जांभळ्या मोज्यांत सिमेंटवर उभा राहिला. बूट आणि गाडी सरोवरापलीकडे.

"आई," तो म्हणाला, "आता मी परत कसा जाऊ?"

"ॲप आहे ना," मी म्हटलं. "एक बटण दाबायचं."

कुमुदनं तोंडावर हात घेतला. समीर माझ्याकडे बघत राहिला, मग खाली स्वतःच्या पायांकडे. मग हसायला लागला आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. "ओके, आई," तो म्हणाला. "ओके. नाव नाही काढणार." आणि टॅक्सी बोलावण्याआधी त्यानं मला वाकून नमस्कार केला, भर धक्क्यावर.

मेबल आता हिवाळ्यासाठी पाण्याबाहेर काढून ठेवली आहे. वसंतात वॉल्ट सायकल घेऊन येणार आहेत. गाडीची किल्ली अजून क्युपर्टिनोलाच आहे. समीर परवा म्हणाला, कुरिअरनं पाठवतो. म्हटलं, सावकाश पाठव, घाई नाही. माझ्याकडे एक आहे, पर्समध्ये, बुचाच्या गोळ्याची. पाण्यात पडली तरी बुडत नाही.